तीनशे तेरा मणी शिशाचे

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जे पाणी झालं ते काही वेगळं सांगायला नको. आमच्या आबांचं फेकजाळं त्या पुरात गेलं. अख्खं नाही गेलं, गंगा उतरल्यावर बाभळीला लटकलेलं सापडलं, पण खालचा घेर फाटून शिशासकट वाहून गेलेला आणि वरचा तंगूस, म्हणजे नायलॉनची जाळी, तेवढा शाबूत. (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, गंगाखेडच्या खाली नदीकाठचं गाव आहे आमचं, भोयाची वीस-पंचवीस घरं.) आबा सत्तरीला आलेत, नदीवर रोज जायची गरज नाही, पण जाळं नाही म्हणल्यावर माणूस नुसता वट्यावर बसून रस्त्याकडं बघायला लागला. माय म्हणली, ह्यांचं जाळं करून दे बाबा, नाहीतर हे मला खाऊन टाकतेत.

जाळं खाली बुडावं म्हणून घेराला शिशाचे मणी ओवतात. ते तयार बाजारात मिळतात, मी आणलेही होते अर्धा किलो. आबांनी एक मणी बोटात फिरवला, भोकाच्या कडेवर नख घासलं आणि पिशवी परत दिली. "हे दोरी कापतंय. घरी ओत." विषय संपला.

आता घरी ओतणं म्हणजे काय ते मला माहीत होतं, म्हणजे लहानपणी बघितलेलं होतं. पौषात नदीचं पाणी कमी झालं की आजा वट्यावर चूल मांडायचा, पराट्याचा जाळ, त्याच्यावर लोखंडी कढई, आणि आम्ही सगळी लेकरं भोवती. गरम मणी तळहातावर नाचवायची शर्यत लागायची आमची, कोण जास्त वेळ धरतंय म्हणून. नवं जाळं असलं तर मणी, आणि डागडुजी असली तर पट्टी, म्हणजे शिसं फरशीवर पातळ ओतायचं, कात्रीनं तुकडे करायचे आणि दोरीला गुंडाळून दाबायचे. दाबायचे कशानं, तर दातानं. आबांना मी दोन्ही हातात जाळं आणि दाताखाली शिसं असंच बघत आलो, मधीच थुंकायचे, परत दुसरा तुकडा तोंडात. त्याच हातानं भाकर खायचे. कोणालाच काही वाटायचं नाही त्याचं, शिंप्यानं तोंडात सुई धरावी तसं ते.

मी परभणीला फिटर आहे. चार वर्षांमागं कंपनीत सेफ्टीचं ट्रेनिंग झालं, त्यात शिशावर बोलायला एक बाई आल्या होत्या. त्या बोलत होत्या आणि मला आबांचे दात दिसत होते. शिसं अंगात गेलं की रक्तातून महिनाभरात अर्धं उतरतं पण हाडात बसलेलं वीस-वीस वर्षं निघत नाही, शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं म्हणून हाडात नेऊन ठेवतं. आणि लेकरांच्या तर मेंदूवर जातं, बुद्धीवर जातं, ते परत येत नाही. युनिसेफचा 2020 चा अहवाल आहे, जगात जवळपास 80 कोटी लेकरांच्या रक्तात 5 मायक्रोग्रॅमच्या वर शिसं, त्यातली साडेसत्तावीस कोटी एकट्या भारतात. एका डेसिलिटर रक्ताला हा आकडा मोजतात. मी घरी येऊन आबांची आणि माझी दोघांची तपासणी केली, सँपल मुंबईला गेलं. माझं 4 आलं, आबांचं 14. डॉक्टरनं विचारलं बॅटरीच्या कारखान्यात होते का. मी म्हणलं नाही, जाळ्यात होते.

म्हणून आबा "घरी ओत" म्हणले तेव्हा मी दोन दिवस काहीच बोललो नाही. मग म्हणलं ओततो, पण माझ्या पद्धतीनं. घरी नाही, आखाड्यावर, म्हणजे शेतात. तुम्ही लांब बसायचं. लेकरू एकही जवळ नको. आणि दात लावायचा नाही. आबा म्हणले दात राहिलेत कुठं.

शिसं गोळा करायलाच पंधरा दिवस गेले. पहिला सल्ला सगळ्यांचा एकच, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी फोड. हे मी कोणालाच करू देणार नाही, तुम्हीपण करू नका. बॅटरीतल्या प्लेटा म्हणजे शुद्ध शिसं नाही, त्याच्यावर ऑक्साइड आणि सल्फेटचा लगदा असतो, ॲसिड असतं, जाळावर टाकलं की भुकटी उडते, आणि प्लेटांच्या शिशात अँटिमनी, कधी आर्सेनिक, कधी कॅल्शियम मिसळलेलं असतं, त्याच्या मळीला (वितळल्यावर वर येते ती घाण) पाणी लागलं तर विषारी वायू सुटतो. त्या बॅटऱ्या दुकानदाराला परत द्यायच्या असा नियमच आहे. मला जे पाहिजे होतं ते भंगारवाल्याकडं मिळालं, जुन्या टेलिफोन केबलवरचं वेष्टण, मऊ, चाकूनं कापलं तर आतून चांदीसारखं चमकतं आणि बघता बघता काळवंडतं. किलोला 200 च्या आसपास पडलं, सहा किलो घेतलं, चिठ्ठी लिहून घेतली कारण केबलचं भंगार म्हणलं की पुढं कोण काय विचारील सांगता येत नाही. पारख सोपी आहे. नखानं ओरखडा उठला पाहिजे, कागदावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली पाहिजे, आणि एवढ्याशा तुकड्याचं वजन हातात फसवल्यासारखं लागलं पाहिजे. पाण्याच्या अकरा पट जड आहे शिसं, म्हणून तर जाळ्याला दुसरं काही चालत नाही. लोखंड गंजतं आणि तंगूस खरवडतं. आबांची आजी म्हणे भाजलेल्या मातीचे मणी लावायची सुताच्या जाळ्याला. असे मातीचे मणी हडप्पाच्या काळातल्या गावांतपण सापडलेत, म्हणजे आमचा धंदा किती जुना ते बघा. पण माती घ्यायची तर मणी लई मोठे करावे लागतेत आणि दगडावर आपटून फुटतेत.

साच्यात मी पहिली चूक केली. आजाचा साचा मऊ दगडाचा होता, दोन फाळ्यांचा, तो वाटण्यात चुलत्याकडं गेला आणि तिथून कुठं गेला देव जाणे. मी मोबाईलवर बघून प्लास्टर ऑफ पॅरिसचा केला. सुंदर झाला होता, पांढराशुभ्र, चार दिवस उन्हात वाळवला, हाताला एकदम कोरडा ठणठणीत. प्लास्टरची गोष्ट अशी की ते वरून कितीही वाळलं तरी त्याच्या घडणीतच पाणी धरून बसलेलं असतं, ते भट्टीत भाजल्याशिवाय निघत नाही. हे मला नंतर कळलं. शिसं 327 डिग्रीला वितळतं. तसलं शिसं मी त्या साच्यात ओतलं, एक सेकंद काहीच झालं नाही, आणि मग तळलेल्या मिरचीसारखा फट् आवाज होऊन सगळं वर आलं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते आणि वर शिसं बसलेलं असलं तर ते घेऊनच निघते. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. मनगटाच्या वर, हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते तिथं बरोबर दोन थेंब बसले, अजून डाग आहेत. आबा लांबून बाजेवर बसून बघत होते. म्हणले, "तुझा आजा साचा आधी चुलीच्या कडंला तापवायचा. कामून तापवायचा ते आता कळलं का?" हे आधी सांगायला काय झालं होतं कोणास ठाऊक.

मग मी माझ्या हातच्या विद्येवर आलो. 20 एमएम जाडीच्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या एकमेकीला चिकटवून वाइसमध्ये आवळल्या आणि बरोबर जोडावर 10 एमएमची सहा भोकं आरपार मारली, म्हणजे पट्ट्या उघडल्या की प्रत्येकीत अर्धं भोक. खाली तिसरी पट्टी तळाला, तिच्यात 4 एमएमच्या सहा लोखंडी पिना उभ्या, प्रत्येक भोकाच्या मधोमध एक. शिसं ओतलं की पिनेच्या भोवती मणी. कागदावर झकास. पहिल्या ओतणीला मणी पिनेला असे चिकटून बसले की पक्कडीनं ओढून निघंनात, कारण शिसं थंड होताना आवळतं आणि मधल्या पिनेला मिठी मारतं. सगळ्या पिना काढून कानशीनं वरून किंचित निमुळत्या केल्या. आणि आबांनी दुसरी गोष्ट सांगितली, रॉकेलच्या चिमणीवर धरून साचा आणि पिना काळ्या कर. काजळी धरली की शिसं चिकटत नाही आणि कोपऱ्यात नीट पळतं. हे खरंच लागू पडलं, आणि रॉकेल आता मिळत नाही म्हणून चिमणीत डिझेल घातलं, धूर तर त्याचा जास्तच छान काळा.

हिशोब आबांचा तोंडी होता, मी कागदावर केला. नऊ फुटी जाळं म्हणजे शेंड्यापासून कडेपर्यंत नऊ फूट, घेर साडेछप्पन फूट, मीटरमध्ये सव्वासतरा. तीन बोटांवर एक मणी. तीनशे तेरा मणी. एक मणी 14-15 ग्रॅमचा, म्हणजे साडेचार किलो शिसं. हलकं झालं तर जाळं खाली जायच्या आधी रोहू निघून जाते, जड झालं तर फेकणाऱ्याचा खांदा जातो. आबांचा खांदा बघून मी चार किलोच करू म्हणलं होतं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी परत मोजायला बसलो.

ओतायचा दिवस. आखाड्यावर पत्र्याचं उघडं शेड आहे तिथं, सकाळी, आभाळ स्वच्छ बघून, कारण एक थेंब पाऊस कढईत पडला तरी प्लास्टरचीच गत. वारं पाठीमागून घेतलं. कढई जाड लोखंडाची, भंगारातूनच आणलेली, ती परत कधी स्वयंपाकात येणार नाही म्हणून तिला लाल रंगाचा पट्टा मारला. शेजारचा म्हणला ॲल्युमिनियमचं पातेलं आहे जुनं, देऊ का, म्हणलं नको, जळतं शिसं भरलेलं पातेलं बुडातून गेलं तर काय करता. कोळशाची शेगडी. जाडी कॉटनची पँट बुटावरून खाली सोडलेली, चामड्याचे हातमोजे, चष्मा, तोंडाला फिल्टरचा मास्क. आबा म्हणले, "चंद्रावर चाललास का रं?"

शिसं वितळताना बघायला मजा येते हे मान्य करतो. बराच वेळ काहीच नाही, मग कडेनं एक तुकडा बसल्याबसल्या खचतो, आणि मग एकदम सगळं पाण्यासारखं. वर करडी साय धरते. त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकायचा, धूर होतो, भडकाही होतो, पण चांगलं शिसं खाली राहतं आणि घाण वर भुकटी होऊन येते, ती झाऱ्यानं हळूच काढून झाकणाच्या डब्यात. ही मळी खरी विषारी, वितळलेल्या शिशापेक्षा जास्त, कारण ती उडते. माझ्याकडं तापमान मोजायला काही नव्हतं, आजाची युक्ती वापरली, वाळकी तुराटीची काडी बुडवायची, हळूहळू तपकिरी होऊन धुरली तर बरोबर, टाकल्याटाकल्या पेटली तर कोळसे कमी कर. फार तापवलं की धूर वाढतो आणि तो धूरच फुप्फुसात जातो.

पहिले सात-आठ घाणे वाया. साचा थंड असला की मणी सुरकुततात, अर्धेच भरतात, ते परत कढईत (कोरडे असले तरच, आणि हळूच). साचा एकदा तापला की मग लय लागली, ओत, दहा मोज, उघड, ठोक, सहा मणी खाली पडले टणटण, बंद कर, ओत. दुपारपर्यंत दोनशेच्या वर झाले. मधी पुतण्या आला, त्याला मी बजावून लांब उभा केला होता, तर त्यानं मदत म्हणून पंक्चरच्या दुकानातून आणलेले, चाकाचा तोल साधायला लावतात ते वजनाचे दोन-चार तुकडे कढईत टाकले. हल्ली ते तुकडे जस्ताचेपण असतात आणि जस्त शिशात मुरलं की सगळं पिठल्यासारखं घट्ट होऊन साच्यात जात नाही. नशीब, जस्ताला वितळायला 420 डिग्री लागतेत आणि माझा जाळ कमी होता, तुकडे वर तरंगले, झाऱ्यानं काढून घेतले. पुतण्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही.

आणि ह्याच पुतण्यानं गावात जाऊन सांगितलं की काका आखाड्यावर छर्रे बनवायलाय.

तीन वाजता पोलीस पाटील मोटारसायकलवरून आले. गाडी स्टँडला लावली, इकडं तिकडं बघितलं, शेगडी बघितली, माझा मास्क बघितला. "काय फिटर, काय चालू हाय?" मी म्हणलं जाळ्याचं शिसं ओतूलालो पाटील. "लोकं तर म्हणूलालेत बंदुकीचं काहीतरी." मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. रानडुकरांनी इकडं मक्याचा आणि हरभऱ्याचा इतका सत्यानाश लावलाय की कोण काय करील सांगता येत नाही, आणि ठासणीच्या बंदुका काही काही घरात आज्याच्या काळापासून होत्याच. पण काडतूस असो का छर्रे, परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा 1959 च्या शस्त्र कायद्यात गुन्हा आहे, त्यात गंमत नाही. मी पाटलांना मणी दिला हातात (हातमोजा देऊन). "ह्याला तर भोक हाय," पाटील म्हणले. म्हणलं तेच तर. छर्ऱ्याला भोक कशाला पाडू, आणि छर्रे असे साच्यात सहा-सहा कोण ओतत बसतंय. ते उंचावरून चाळणीतनं पाडतेत, थेंब पडता पडता गोल होतो आणि खाली पाण्यात थिजतो. इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स नावाच्या प्लंबरनं 1782 साली त्याचं पेटंट घेतलं होतं, मग त्यासाठी मोठमोठे मनोरेच बांधले लोकांनी. पाटील म्हणले, "तुला बरंच माहीत हाय रं ह्यातलं." तेव्हा कळलं की जास्त बोललो. आबा बाजेवरून म्हणले, "पाटील, बसा, चहा घ्या, ते पोरगं येडं हाय." चहा झाला, पाटील गेले. चहा शेडच्या लांब, आणि हात तीनदा साबणानं धुवून.

आवराआवरीला ओतण्याएवढाच वेळ लागला. जमीन झाडली नाही, ओल्या फडक्यानं पुसली, झाडलं की भुकटी उडते. मळीचा डबा झाकण ठोकून भंगारवाल्याकडं. कपडे तिथंच बदलून वेगळ्या पिशवीत, वेगळे धुतले, आणि अंघोळ केल्याशिवाय पोरीला जवळ घेतली नाही. ती दारात उभी राहून हात पुढं करायली होती आणि मी आपला थांब थांब म्हणत मागच्या दारानं मोरीत. बायको म्हणली, अहो एवढं जपायचं तर इकत का नाही आणत. तिला त्या भोकाच्या कडेचं समजावून सांगायला गेलो आणि मधीच सोडून दिलं.

इंग्लंडात 1987 पासून गळाला लहान शिसं लावायला बंदी आहे म्हणे, हंस ते खडे समजून गिळायचे आणि मरायचे. आमच्याकडं तसं काही नाही, पण जाळ्यातून सुटलेला प्रत्येक मणी गंगेतच राहतो हे काही मला नाकारता येत नाही. पुरात गेले ते साडेचार किलो तिथंच कुठंतरी गाळात आहेत.

मणी ओवायचं काम आबांनी केलं, आठ दिवस, हातमोजे घालून. पहिल्या दिवशी शिव्या देत, मोज्यात गाठ बसत नाही म्हणून, चौथ्या दिवसापासून गुमान. प्रत्येक मण्याच्या भोकावरून आधी सुताचा धागा ओढून बघायचे, धागा तुटला तर मणी बाजूला. अकरा मणी बाजूला काढले त्यांनी, मी कानशीनं कडा मोडून परत दिले. दोरी कापायला दोनदा तोंडाकडं नेली, दोनदा मी ओरडलो, मग मायनं तिची कात्रीच सुतळीनं त्यांच्या बाजेला बांधली.

पहिल्या फेकीला जाळं अर्धंच उघडलं, चंद्रकोरीसारखं. आबा म्हणले नवं हाय, तंगूस ताठ हाय. चौथ्या फेकीला पूर्ण गोल पडलं आणि तीनशे तेरा मणी एकदम पाण्याला लागले त्याचा जो आवाज येतो, वाळूवर पावसाची पहिली सर यावी तसा, तो मी वीस-बावीस वर्षांत ऐकला नव्हता. आलं काय तर दोन चिलापी आणि एक चप्पल.

मागच्या आठवड्यात पाटील परत आले. मी म्हणलं आता काय. म्हणले काही नाही, शिसं राहिलंय का तुझ्याकडं? एक किलोच्या वर राहिलं होतं, लाल पट्ट्याच्या कढईत, कुलूपबंद. म्हणले, "मग एखाद्या दिवशी ओतशील तवा मला वीसेक दे, गळाला पाहिजेत. भोकाचेच दे बरं का."